झाकणाच्या आतली तीन नावं

मित्रांनो, मी एक लाकडी पेटी आहे आणि माझं वय तीनशेच्या पुढे आहे. मला तोंड आहे, म्हणजे झाकण. ते उघडतं, करकरतं, पण बोलत नाही. त्यापायी एका चांगल्या बाईची तीस वर्षं वाया गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

जाक नावाच्या माणसाने मला घडवलं. पोरसवदा वयात तो फ्रान्सहून जहाजाने अकादी नावाच्या मुलखात आला. आज तो भाग कॅनडात आहे. तिथे भरतीचं पाणी आत शिरून जमीन खारट करायचं. जाकने सोबत्यांबरोबर चिखलाचे बांध घातले आणि खाजणात गहू पिकवला. म्हातारपणी त्याच्या नातीचं, मारीचं लग्न ठरलं, तेव्हा बांधातून पाणी सोडायच्या दारासाठी आणलेल्या फळ्यांतल्या उरलेल्या फळ्या जोडून त्याने मला बनवलं. झाकणाच्या आत सुरीने नावं कोरली: मारी, पियेर, जाक. तोवर हात दुखून आला होता, म्हणून शेवटचं नाव जरा तिरकं आहे.

पुढे इंग्रज सैनिकांनी त्या लोकांची घरं जाळली आणि माणसं जहाजांत कोंबून देशोधडीला लावली. मारीच्या लेकीने मला होडीत घालून जंगल गाठलं. तिच्या नातवंडांनी मला नदीने वर आणलं, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या अगदी उत्तर टोकाला. तिथे माझ्यात आधी घोंगड्या राहिल्या, मग बटाट्याचं बियाणं आणि शेवटी बर्फातले बूट. तक्रार नाही, पण तो वास तुम्ही एकदा घेऊन बघा.

क्लेअर माझी आताची मालकीण. वय ऐंशी, नजर अधू. आपल्या घराण्यातला फ्रान्सहून आलेला पहिला माणूस कोण, एवढंच तिला मरण्याआधी कळायला हवं होतं. माझ्यावरची नावं तीन भावंडांची आहेत, असं तिच्या आईने सांगितलेलं. ती तीस वर्षं त्या भावंडांना शोधत राहिली. नसलेली भावंडं सापडणार कुठून?

या उन्हाळ्यात तिने घर विकलं. आता ती मिशिगनमध्ये, नोव्हाय शहरात, मुलगा ल्यूक आणि सून रुचा यांच्याकडे राहणार होती. सामान आवरायला ते दोघं आले, सोबत त्यांची मुलगी आन्या आणि नागपूरहून लेकीकडे आलेली रुचाची आई, शैलजा. क्लेअरने माझ्यावर गराज सेलचं, म्हणजे घरातलं जुनं सामान दारात मांडून विकण्याचं, लेबल चिकटवलं. "जिची माणसं मला सापडली नाहीत ती पेटी कुठे वागवू?" ती म्हणाली. सेल दुसऱ्याच दिवशी होता.

तेवढ्यात शैलजा ओलं फडकं घेऊन आली.

"आई, ती उद्या सेलमध्ये जातेय. कशाला क्लीन करतेस?" रुचा म्हणाली.

"द्यायची झाली तरी धुळीची द्यायची का?" शैलजाने झाकण आतून पुसलं आणि ती थांबली. "यावर नाव घातलंय गं कुणाचं तरी."

"आजी, दॅट्स थ्री पीपल," आन्या म्हणाली. "ग्रॅनीचे ओल्ड रिलेटिव्हज."

"तीन कशाला? माझ्या लग्नात बाबांनी दिलेल्या प्रत्येक भांड्यावर माझं पूर्ण नाव आहे. शैलजा मनोहर देशकर. म्हणून काय आम्ही तिघं होतो? पहिलं नाव मुलीचं, दुसरं बापाचं, तिसरं आडनाव असेल."

रुचाने हे क्लेअरला इंग्रजीत सांगितलं. क्लेअर खुर्चीतून उठली.

"जाक आडनाव नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "ते आजोबा."

तिच्या लहानपणी अर्ध्या गावाचं आडनाव एकच होतं. म्हणून माणसाच्या नावाला बापाचं आणि मग आजोबांचं नाव जोडून हाक मारत. तिच्या वडिलांनाही तशीच हाक मारायचे. एवढं ठाऊक असून तिला ते माझ्याशी जोडायचं सुचलं नव्हतं. मी आनंदाने करकरले. सगळ्यांना वाटलं, बिजागरीला तेल हवंय.

संध्याकाळी आन्याने लॅपटॉपवर चर्चच्या जुन्या नोंदी उघडल्या. मारीचं लग्न सापडलं, तिचा बाप पियेर सापडला, आणि मग जाकच्या दफनाची नोंद: जन्म फ्रान्सचा, काम बांध घालण्याचं. क्लेअरने ती ओळ तीनदा वाचायला लावली आणि ती रडली. मग तिने स्वतःच्या नखाने माझ्यावरचं लेबल खरवडून काढलं.

आता मी नोव्हायला तिच्या खोलीत असते. शैलजा नागपूरला परत जाण्याआधी आन्याला म्हणाली, "खाली तुझंही नाव घाल. बाबांचं आणि ग्रॅनीचं जोडून."

"आणि तुझं, आजी?"

"माझं भांड्यांवर आहे. ती तुलाच यायची आहेत."

ल्यूकने छिन्नी धरायला शिकवलं. आन्याने कोरलं: आन्या, ल्यूक, क्लेअर. शेवटी तिचाही हात दुखला, त्यामुळे क्लेअरचं नाव तिरकं आलं. क्लेअर रोज ते बोटांनी चाचपते.

मित्रांनो, तुमच्या घरातली माणसं अजून बोलती आहेत, त्यांना आजच विचारून घ्या. आणखी तीनशे वर्षांनी कुणीतरी माझं झाकण उघडेल आणि म्हणेल, ही सहा भावंडं असणार. मला तेव्हाही बोलता येणार नाही. तुम्ही सांगून ठेवा.