करड्या होडीची वाट

मेइनीरला आणखी एक ट्राउट मासा हवा होता. फक्त एक! दोन पिशवीत होते. तिसरा मिळाला की पंधराव्या वर्षीच जिल्ह्याच्या मासेमारी संघात जागा पक्की. स्पर्धा संपल्याचा भोंगा चारला वाजणार होता, म्हणजे हातात पंचवीस मिनिटं. आणि केर्विन तळ्यावर असं धुकं उतरलेलं, की पलीकडचा डोंगर कुणी खोडरबरानं पुसून टाकल्यासारखा.

दगडांच्या उताराखाली मासे नक्की असणार, तिकडे चल, असा तिनं लकडा लावला. वल्ही मारणाऱ्या हेल्वेन मावशीनं नुसती हनुवटी उचलून दाखवलं. तिथे आधीच एक करडी होडी वाऱ्याबरोबर आडवी वाहत होती. आत एकटाच माणूस, टोपी डोळ्यांवर ओढून गळ फेकत होता.

वाऱ्यावर सोडलेल्या होडीच्या पुढे घुसायचं नाही, काठानं वळसा घालून मागे नंबर लावायचा, ही तळ्यावरची रीत मेइनीरला चालता येऊ लागल्यापासून ठाऊक होती. पण वळशात दहा मिनिटं गेली असती. तो स्पर्धेतला नाहीच, त्याला कसली घाई, असं तिनं मावशीला पटवलं. पटवलं कसलं, पिडलं.

"तुझ्या आईला सांगू नकोस, मी घुसले म्हणून," मावशी म्हणाली आणि घुसली.

मेइनीरनं गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी झोकात पाण्यावर टाकली. पाठीमागून त्या माणसाच्या गळाच्या दोरीची सूं सूं येत होती. मग वारा पडला. त्यांची होडी जागच्या जागी थांबली, पण मागची सूं सूं मात्र जवळ येत राहिली.

एवढ्यात तिची गळाची काठी वाकली! मासा दणकट होता. तिनं आनंदानं मागे वळून पाहिलं, तर त्या माणसाचीही काठी वाकलेली. तिनं दोरी सैल सोडली, त्याची काठी सरळ झाली. तिनं ओढलं, त्याची वाकली. दोघांच्याही दोऱ्या पाण्यात एकाच जागी शिरत होत्या.

"दोरी तोड," मावशी हळूच म्हणाली. "काठी उभी धर आणि वाट दे त्याला."

"मावशी, तिसरा आहे हा."

"तिसरा आहे ते दिसतंय मला. कुणाचा आहे, ते बघ."

करडी होडी आता हातभर अंतरावर होती आणि तिच्याभोवती पाणी जराही हलत नव्हतं. मेइनीरचे डोळे भरून आले. तिनं दातांनी दोरी तोडली, चुकलेल्यानं धरायची तशी काठी उभी धरली आणि माफी मागितली. आता त्याची होडी पूर्ण पुढे जाईपर्यंत काठी खाली घ्यायची नाही, अशी रीत होती.

माणसानं मान वळवली नाही. होडीचं टोक गेलं, तो गेला, वल्ही गेली. मग ओल्या करड्या फळ्या सरकू लागल्या, एकीमागून एक. मागचं टोक आता येईल, मग येईल, म्हणून मेइनीर बघत राहिली. खांदे भरून आले.

चारचा भोंगा वाजला. फळ्या अजून सरकतच होत्या.