कंट्रोलरसाहेबांचा अबोला

"काका, काकूंचा हात दाबा बघू. जोरात!"

सिस्टर स्वप्नाने हे इतक्या उत्साहात सांगितलं की सुंदराबाईचीच बोटं आवळली गेली. भिकूचा हात मात्र तिच्या तळव्यावर टोपलीत उरलेल्या बोंबलासारखा पडून राहिला. डोळे टक्क उघडे.

"हे नाय दाबायचे," सुंदराबाई म्हणाली. "राग हाय ह्यांचा माझ्यावर. मे महिन्यापासून बोलत नायत."

भिकूने नोकरीभर रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून माइकवरून गाड्या पुकारल्या. दाभोळची गाडी कुठे लागलीय हे साऱ्या गावाला सांगणारा हा माणूस घरी चहात साखर कमी असली तरी बोलून दाखवत नसे. कप नुसता सरकवून ठेवी. परसातला फणस तिने न विचारता तोडवला, तेव्हा तर त्याने बोलणंच टाकलं. त्यातच न्यूमोनिया झाला. आता घशात नळी होती, म्हणजे अबोल्याला डॉक्टरांचीही मंजुरी मिळाली होती.

"बाबांना जगायचंच नाय, आये," मुंबईहून आलेला मुलगा, राकेश, दाराशी पुटपुटला. "उगाच हाल. घरी नेऊया."

डॉक्टर रसिकाने ते ऐकलं. "राग नाही हो काकू. एवढ्या आजारात, इतके दिवस मशीनवर राहिलं की नसा आणि स्नायू दुबळे होतात. त्यांना सगळं कळतंय, पण हात उचलवत नाही. हळूहळू भरून येईल. पण छातीचे स्नायूही तसेच झालेत. आज नळी काढतोय. खोकून कफ बाहेर आला तर ठीक. नाहीतर नळी परत घालावी लागेल."

राग असता तर परवडला असता. रागाचा सुंदराबाईला संसारभराचा अनुभव होता. दुबळा भिकू तिने कधी पाहिलाच नव्हता.

नळी निघाली.

"खोका, काका!"

मांजर शिंकल्याइतका आवाज आला. घशात कफ घरघरत राहिला. रसिकाची नजर मॉनिटरवरून हलेना. स्वप्नाने नळीची ट्रॉली जवळ ओढली.

"परत! जोर लावा!"

काही नाही. कपाळावर घाम, ओठ काळसर.

"अवो, मागाहून काय रागवायचं ते रागवा," सुंदराबाई ओरडली, "आदी खोका!"

भिकूने डोळे मिटले. बरगड्या वर आल्या. खोकला आला, फाटका, ओला, पण खोकला. मग दुसरा. स्वप्नाने कफ ओढून घेतला. रसिकाने ट्रॉली पायाने मागे सारली.

संध्याकाळपर्यंत नळीचं नाव कुणी काढलं नाही. मग भिकूचे ओठ हलले. सुंदराबाई वाकली. इतक्या महिन्यांनी बाप काय बोलतो ते ऐकायला राकेशही पुढे सरकला.

"नाक," भिकू घोगऱ्या आवाजात म्हणाला. "खाजतंय."

त्याचा हात छातीवरच होता, नाकापासून वीतभर. तिघांनीही त्या हाताकडे पाहिलं. तो हलला नाही.

सुंदराबाईने पदराला बोट पुसलं आणि नाक खाजवलं.

"जरा वर," तो म्हणाला.