शांतारामकाकांची पट्टी

शांतारामकाका रविवारी सकाळी दवाखान्यातच वारले. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, फोन ठेवला, चष्मा पुसला आणि गुडघ्यांवर हात देत ते गच्चीचा जिना चढू लागले. मी लेकीला, दुर्वाला, पेज भरवत होते. मागून म्हटलं, "बाबा, चहा तरी घ्या."

"आधी पट्टी चढवून येतो," ते न वळताच म्हणाले.

घमापुरात, आमच्या या हिंदी बोलणाऱ्या मोहल्ल्यात, बाबांना सगळे केबलवाले गुणवंतजी म्हणून ओळखतात. गच्चीवरच्या खोलीतून आसपासच्या गल्ल्यांना केबल जायची, आणि तिच्यासोबत बाबांचं स्वतःचं लोकल चॅनल. दिवसभर जुनी गाणी, दसऱ्याच्या मिरवणुकीचं शूटिंग, कुणाच्या नातवाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. पण मोहल्ल्यात कुणी वारलं की बाबा गाणी बंद करत. पडद्यावर नुसतं पेटत्या समईचं चित्र राही आणि खालून पट्टी सरकत जाई: नाव, अंत्ययात्रा कुठून, किती वाजता. गाणं मध्येच थांबलं की बायका ओले हात पुसत बाहेर येत, "कौन गया?" असं विचारत. लग्न होऊन मी नागपूरहून आले तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं. मग एका दुपारी पाहिलं, पट्टी सुरू झाली आणि भांडी घासून होईपर्यंत गल्ली माणसांनी भरून गेली होती.

ही सगळी केबल शांतारामकाकांनी ओढलेली. ते बाबांचे पहिले आणि शेवटचे लाईनमन. गोहलपुरात एका खोलीत एकटे राहत, पण दिवस घमापुरातल्या गच्च्यांवर जाई. त्यांची मुलगी मेघा नागपूरला असते. ती दुपारपर्यंत पोचणार होती.

बाबा खाली आले तेव्हा माझा नवरा अनिमेष दवाखान्यात जायला निघाला होता.

"बाबा, मी मोबाईलवरही टाकतो. मोहल्ल्याचा ग्रुप आहे न."

"काही गरज नाही. मोबाईलवर लोक हात जोडल्याचं चित्र टाकतात अन् मोकळे होतात. शांतारामसाठी माणसं आली पाहिजेत."

"पण बाबा..."

"पट्टी चढवली न मी? सगळे पाहून राहिले असतील. यात्रा इथूनच निघेल. त्याची खोली तिकडे होती, पण घर हेच होतं."

अनिमेषनं माझ्याकडे पाहिलं. बाबांना जे ठाऊक नव्हतं, ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. दोन वर्षांत घरोघरी फायबरचं इंटरनेट आलं होतं, ते अनिमेषनंच आणलं होतं. लोक आता मोठ्या पडद्यावर हवं ते, हवं तेव्हा पाहत. गुडघे गेल्यापासून बाबा वसुलीला फिरत नसत. दर महिन्याला पैसे येत, ते इंटरनेटचे असत, आणि बाबा समजत की केबल चालू आहे. पट्टी तर ते रोज नव्यानं टाईप करत. कुणाचा वाढदिवस, कुठे भंडारा. ती वाचायला आता जवळजवळ कुणीच नव्हतं.

दाराशी मी हळूच म्हटलं, "सांगून टाक."

"आज? आजच्या दिवशी?" अनिमेष म्हणाला. "आधी काकांना घेऊन येतो, मग पाहू." आणि दवाखान्याच्या धावपळीत ते पाहायचं राहूनच गेलं.

दुपारी काकांना आमच्या अंगणात आणलं. मेघा आली, वडिलांच्या पायांशी बसली. बाजूचे दोन-चार जण, कोपऱ्यावरचा पानवाला, गुरुजी. बस्स. बाबांनी बाहेर सतरंज्या टाकायला लावल्या होत्या. त्या रिकाम्याच होत्या. पौषातलं ऊन समोरच्या भिंतीवर वर-वर सरकत होतं. गुरुजी दोनदा म्हणाले, "सूर्यास्ताच्या आत अग्नी मिळायला पाहिजे, गुणवंतजी."

"चारचं टाकलंय. येतील."

चार वाजून गेले. मेघानं माझा हात धरला आणि अगदी हळू विचारलं, "वहिनी, माझ्या बाबांचं इथे कोणी नव्हतं का?"

बाबांनी ते ऐकलं. ते भिंतीला धरून उठले. "मी पाहून येतो," म्हणाले. काय पाहणार होते कोण जाणे. दुर्वाला कडेवर घेऊन मी त्यांच्या मागे गेले, कारण गल्लीचा उतार त्यांना झेपत नाही.

पहिलं दार तिवारी आंटींचं. आत भिंतभर टीव्ही, त्यावर कुठल्या तरी बर्फाच्या देशातली मालिका. आंटींनी रिमोट दाबला तसा पडद्यावरचा माणूस बोलता-बोलता जागच्या जागी थांबला.

"अरे गुणवंत भैया! आप? आइए, बैठिए न."

"भाभीजी, आज अपना चॅनल नहीं देखा?"

"वो अब कहाँ आता है भैया! होली के पहले शांताराम भैया ही तो तार निकाल के ले गए. बोले, गुणवंतभाऊ को अभी मत बताना, मैं खुद बता दूँगा." मग त्यांचं लक्ष बाबांच्या चेहऱ्याकडे गेलं. "क्यों? क्या हुआ?"

बाबांनी चौकटीवर हात ठेवला होता. तो तसाच राहिला. रोज संध्याकाळी काका आमच्या ओट्यावर चहा पीत आणि सांगत, "भाऊ, आज तिवारींकडचं चित्र साफ करून आलो. आज जैन साहेबांकडचं." बाबा विचारत, "खूश झाले न?" काका म्हणत, "एकदम खूश." चित्र साफ होत नव्हतं, तार निघत होती. मला आणि अनिमेषला ते माहीत होतं. बाबांना आत्ता, त्या दारात कळलं.

मला वाटलं, ते तिथेच बसतील. पण ते सरळ उभे राहिले. "शांताराम नहीं रहा, भाभीजी. आँगन में रखा है. कंधे कम पड़ रहे हैं."

"हाय राम!" आंटींनी पदर तोंडाला लावला. मग आत वळून ओरडल्या, "अजी सुनते हो? चप्पल पहनो! और ऊपर से लड़कों को भी बुलाओ!"

दुसरं दार, तिसरं दार. कुठे क्रिकेट, कुठे सिनेमा, कुठे लहान मुलांची गाणी. बाबा बोलू लागले की प्रत्येक घरात कुणीतरी रिमोट दाबे आणि सगळं थांबून जाई. पहिल्या काही घरांत बाबा त्या पडद्यांकडे पाहत होते. नंतर त्यांनी पाहणं सोडलं. "पता ही नहीं चला, भैया," प्रत्येक जण म्हणे, आणि म्हणता-म्हणताच पायांनी चपला शोधू लागे. एका आजोबांनी तर बाबांनाच रागावलं, "इतना बड़ा आदमी चला गया और तुम अब बता रहे हो?" बाबांनी हात जोडले. दुर्वा माझ्या खांद्यावर झोपून गेली. आमच्यामागे चपलांचा आवाज वाढत गेला.

परतलो तेव्हा सतरंज्या पुरल्या नाहीत, माणसं रस्त्यावर उभी राहिली. मेघानं मान वर करून पाहिलं आणि तेव्हा कुठे ती मोठ्यानं रडली.

पहिला खांदा बाबांनी दिला. कुणी अडवलं नाही. काही पावलांनी अनिमेषनं तो आपल्या खांद्यावर घेतला. मेघा मडकं घेऊन पुढे चालली. रानीतालच्या मुक्तिधामात सगळे पोचले तेव्हा झाडांच्या शेंड्यांवर ऊन होतं, असं अनिमेषनं मला नंतर सांगितलं.

परत आल्यावर आंघोळ करून बाबा अंगणातच बसले. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. अनिमेष समोर उभा होता, शाळेत उभं केल्यासारखा.

"बाबा, मी सांगायला पाहिजे होतं."

"हो."

बाबांनी कप उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"शांतारामला खोटं बोलायला तू लावलं?"

"नाही बाबा. मी तर सांगणारच होतो. काकाच म्हणायचे, मी सांगतो, माझ्याकडूनच कळू दे. रोज म्हणायचे, उद्या."

बाबा मान हलवत राहिले. "खांबावर चढायला कधी घाबरला नाही तो. भरपावसात चढला. मला सांगायला काहून घाबरला?"

मी दुर्वाचं पांघरूण उगाच सारखं केलं.

अनिमेषनं विचारलं, "वर पट्टी चालूच आहे. बंद करू?"

"अजून पाहणारे आहेत न कोणी?"

"आहेत. पाच-सात घरं."

"मग राहू दे. त्यांची नावं सांग मला." थोडं थांबून ते म्हणाले, "तेराव्याचं सांगायला त्यांच्याकडेही जाईन. अन् गोहलपुरात. तिकडे तर अजून कुणालाच माहीत नसेल तो गेला म्हणून."

"बाबा, तुमचे गुडघे..."

"यशश्री येईल माझ्यासोबत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "येशील न बेटा? दुर्वालाही घे. लेकरू दिसलं की लोक दारात जरा जास्त वेळ उभे राहतात."