बाबांनी लावलेलं कोर्ट

मिथुनदादानं आरमोरीच्या नव्या लेआउटमध्ये घर बांधलं, तेव्हा मागच्या अंगणात वांगी लावायची असं सर्वानुमते ठरलं होतं. सर्व म्हणजे मी आणि बाबा. दादा म्हणाला, बॅडमिंटन कोर्ट. त्याच्या ऑफिसात नवे साहेब आले होते, मुजफ्फर साहेब, आणि त्यांना बॅडमिंटनचं वेड. दादानं आयुष्यात एकच रॅकेट धरली होती, मच्छर मारायची.

बाबा नुकतेच गावाहून आले होते. आई गेल्यापासून सावली तालुक्यातल्या गावात ते एकटेच राहायचे, तलावात जाळं टाकायचे, मासोळी विकायचे, स्वतःच रांधायचे. दादा म्हणाला, आता इथंच राहा, कायमचं. बाबा म्हणाले, "राहून पायतो. घर आपलं वाटलं त राह्यतो." मासोळी धरायची नाव, त्यांचा डोंगा, त्यांनी विकला नव्हता, शेजारच्या चैतूकाकांकडे ठेवून आले होते. ते राहावेत असं आम्हा दोघांनाही मनापासून वाटत होतं. हे आत्ताच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणाचा विश्वास बसणार नाही.

कोर्ट लावणारा माणूस आला, खांबांचे खड्डे खोदले आणि साळीचं लग्न आहे म्हणून गेला तो गेलाच. मग बाबांनी काम हातात घेतलं. मुरूम पसरला, पाणी मारून धुम्मसानं ठोकला. मोबाइलमध्ये पाहून मी सांगितलं तशा चुन्याच्या रेघा ओढल्या. नेट आलीच नव्हती, तर ती त्यांनी ओसरीत बसून विणली. खालच्या दोरीला शिशाचे मणी, वरच्या दोरीला तरंगणारे गोळे. मणी काऊन, मी विचारलं. म्हणे वाऱ्यानं उडू नये. आणि गोळे? बाबा जरा विचारात पडले. "सवय," म्हणाले.

रविवारी साहेब आले, सोबत अंजुमभाभी आणि ऑफिसातली मंडळी. पहिलंच शटल नेटमध्ये घुसलं आणि जाळ्यात मासा कल्ल्यांशी अडकावा तसं अडकलं. लुंगी-बंडीतले बाबा कोपऱ्यातून पुढे झाले, दोन बोटांनी मासोळी सोडवावी तसं त्यांनी ते सोडवलं, झटकलं आणि टोपली दिसेना म्हणून साहेबांच्या हातात ठेवलं. साहेब खूश.

"भाऊ, हे कोर्ट तुम्हीच लावलं?"

"हो जी."

"आमच्याकडे पण लावून द्याल?"

बाबांनी दादाकडे पाहिलं. दादानं नेटकडे पाहिलं. आणि मी, जिचं तोंड दहावीच्या पेपरातही बंद नव्हतं, मी चिवड्यातले शेंगदाणे सगळ्या बशांत सारखे वाटत होते. फार महत्त्वाचं काम होतं ते.

"लावून देऊ न जी," बाबा म्हणाले.

पाहुणे गेल्यावर दादा म्हणाला की हे बाबा आहेत असं तो सांगणारच होता, पण साहेब घाईत होते. साहेब जेवणवेळेपर्यंत बसले होते. बाबा जेवले, भात चांगला झाला म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेऊन साहेबांकडे गेले. आम्हाला वाटलं, गंमत करून राह्यले. जाऊन पाहिलं तर खरंच खोदून राह्यले होते.

मग रोज असं चाललं. दादा ऑफिसला जाताना साहेबांच्या फाटकावरून जायचा. दादा मान खाली घालायचा, त्याच वेळी बाबा पाठ फिरवायचे. एकमेकांना इतकं सांभाळून घेणारे बापलेक मी दुसरे पाहिले नाहीत. ऑफिसात साहेब म्हणायचे, मिथुन, तुझा माणूस फार चांगला आहे. दादा म्हणायचा, थँक्यू सर. घरी येऊन उद्या सांगतो म्हणायचा आणि ताटावरून उठून जायचा. मी उरलेलं जेवायचे. मलाही गोड लागत नव्हतं, पण जेवायचे.

साहेबांचं कोर्ट झालं. त्यांनी लाल रिबन बांधली आणि आम्हाला बोलावलं. ज्यानं बनवलं त्याच्याच हातून उद्घाटन, असं त्यांचं म्हणणं. कात्रीचं ताट दादाच्या हातात. अंजुमभाभींनी बाबांना खुर्ची दिली, सरबत दिलं, मुलंबाळं विचारली.

"दोन आहेत. एक पोरगी आन् एक पोरगा. पोरगा नोकरीले आहे."

"कुठे?"

"दूर," बाबा म्हणाले. दादा हातभर अंतरावर उभा होता.

साहेबांनी नाव विचारलं. बाबांनी सांगितलं, इस्तारी. साहेब रोज दादाच्या कागदांवर सही करतात, 'मिथुन इस्तारी' त्यांना पाठ. त्यांना फारच मौज वाटली.

"अरे मिथुन, तुझ्या वडिलांचं पण हेच नाव ना? काय योगायोग आहे."

"योगायोग नाही सर." दादानं ताट खाली ठेवलं. "हे माझे बाबा आहेत."

साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. शाबास, काम करणाऱ्याला बापाच्या जागीच मानलं पाहिजे, म्हणाले. भाभींचे डोळे भरून आले. ऑफिसातल्या एकानं टाळ्या वाजवल्या. दादाचं एवढं कौतुक बारशालासुद्धा झालं नसेल.

"मानलेले नाई सर," मी म्हणाले. "खरेच. माझे पण."

आता टाळ्या थांबल्या. साहेबांनी बाबांकडे पाहिलं, मग दादाकडे, मग माझ्याकडे. आमच्या तिघांचं नाक एकच आहे आणि ते कुठं लपवता येत नाही.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलं?" साहेबांनी हळूच विचारलं.

दादा रिबन सरळ करायला लागला. माझ्याजवळची उत्तरं सगळी विनोदी होती. उत्तर बाबांनीच दिलं, दादाच्या वतीनं.

"त्या दिवशी घरी पाहुणे होते न जी."

सोमवारी सकाळी बाबांनी पिशवी भरली. दादा पाया पडला, चुकलं म्हणाला, रडला. बाबा म्हणाले, चुकलं काई नाई, घर चांगलं आहे, हवा येते. पण तलावाचं पाणी उतरून राह्यलं, मासोळीचे दिवस आहेत. चैतू तरी किती दिवस डोंगा सांभाळंल.

स्टँडवर गडचिरोलीची बस लागली होती, पुढं सावलीची मिळणार होती. दादा पिशवी घेऊन चालला होता आणि दिसेल त्याला सांगत होता. पेपरवाल्याला म्हणाला, हे माझे बाबा. बाकावरच्या बाईंना म्हणाला, हे माझे बाबा. बाबा आत जाऊन खिडकीशी बसले, तरी सांगणं चालूच. शेवटी कंडक्टरला सांगितलं.

"बरं आहे," कंडक्टर म्हणाला. "वय काय त्यांचं? पासष्ट झाले असतील तर हाफ तिकीट लागते."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी दादाकडे पाहिलं.

"फुल द्या जी," खिडकीतून बाबा म्हणाले.