लाल दोऱ्याचं मडकं

मोर्जिनाने सातव्या मडक्याच्या गळ्याभोवती लाल दोरा दोनदा फिरवला, गाठ मारली आणि उरलेलं टोक दातांनी तोडलं. अंगणात धुकं होतं. तिचा मोठा भाऊ हातेम कावड उतरवून, हात बगलेत खुपसून उकिडवा बसला होता.

"झाडावर ह्याला बांबूची तट्टी होती ना, मियाभाई?" आठवं मडकं पुढे ओढत तिने विचारलं.

"होती."

"आणि ह्याला?"

"होती गं बाई! रोज सकाळी काय उलटतपासणी? अक्कासच्या कबरीवर हात ठेवून आण घेतलीय मी. आता आणखी कुणाच्या कबरीवर नेतेस?"

फाटकाशी आपला तांब्या घेऊन उभी असलेली नुरजान खाला खिदळली. शिंदीचा रस न्यायला तिचा नंबर पहिला लागला नाही, तर तिचा दिवस फुकट जाई.

"हातेम, तुझ्या बहिणीला पोलिसात घाल रे. आरोपी कंटाळूनच कबूल होतील."

मोर्जिनाही हसली. प्रश्न आता नुसता सवयीचा झाला होता. तिने बारावं मडकं बांधून दिलं तेव्हा हातेमने कावडीच्या टोकाला वेगळं लटकवलेलं लहान गाडगं काढून पायरीवर ठेवलं.

"हे शेफालीचं. बुंधा सोलल्याच्या पहिल्या रात्रीचा रस आहे, सगळ्यात गोड. ह्याला दोराबिरा नको, घरचंच आहे. ऊन चढायच्या आत पाज तिला."

मोर्जिनाने त्यालाही दोरा बांधला. घरचं म्हणून सूट दिली असती तर गावाने काय म्हटलं असतं? तिची लेक शेफाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा महिना सरत आला होता. पाठीला हात लावून ती बाहेर आली, मुरमुऱ्यांची वाटी मांडीवर घेऊन पायरीवर बसली आणि गाडग्यातला रस पेल्यात ओतून घटाघट प्यायली. तिच्या वरच्या ओठावर फेसाची मिशी उमटली.

"मामा, सासरी असा रस नाही मिळत."

"मिळणार कसा? तिथे मामा कुठाय?" हातेम म्हणाला. कावड खांद्यावर घेऊन तो गुडघ्यावर हात टेकत उठला आणि गेला.

तीन हिवाळ्यांपूर्वी शेफालीचा बाप, अक्कास, असाच पायरीवर बसून रस प्यायला होता. तो रस तळ्याकाठच्या झाडाचा होता आणि हातेमनेच आणला होता. नवव्या दिवशी अक्कासला ताप आला, बाराव्या दिवशी त्याने मोर्जिनाला ओळखलं नाही, चौदाव्या दिवशी तो गेला. मय्यतीला गाव लांब उभं राहिलं. आंघोळ घालायला कुणी पुढे येईना. तेव्हा तोंडाला गमछा बांधून हातेम एकटा आत गेला. दफन झाल्यावर तो ओल्या मातीवर हात ठेवून रडला आणि म्हणाला, "उघडं मडकं ह्यापुढे झाडाला टांगणार नाही. ते तळ्याकाठचं झाड तर मी हातातच धरणार नाही." आपला धनी ज्याच्या रसाने गेला त्या भावाला मोर्जिनाने त्या दिवशी माफ करून टाकलं, मनापासून.

मग गावात एक गाडी येऊ लागली. तिच्यातून माणसांचा डॉक्टर, गुरांचा डॉक्टर आणि वटवाघळांचा साहेब असे तिघं एकदम उतरत. गावाला आधी त्याची गंमत वाटली. झाडांचा एखादा वैद्य तेवढा राहिला, तो आला की गाडी भरली, असं लोक म्हणत. पण तिघं एकच गोष्ट तीन तोंडांनी सांगत. वीटभट्टीसाठी सावरीची जुनी झाडं तुटली, तशी वटवाघळं गावाकडे सरकली. अंधारात ती शिंदीच्या सोललेल्या बुंध्यावरचा रस चाटतात, मडक्यात घाण करतात, आणि अक्कासला आला तो ताप त्यातूनच येतो. त्यांनी अर्धवट खाल्लेले पेरू शेळ्यांना घालू नका. त्यांना हुसकू नका, हुसकली की ती आणखी बिथरतात. फक्त रस त्यांच्यापासून झाका. त्या तिघांबरोबर येणाऱ्या रुबिना आपाने मोर्जिनाला कामट्यांची तट्टी विणायला शिकवलं. सोललेला बुंधा आणि मडक्याचं तोंड दोन्ही झाकलं जाईल अशी ती झाडाला बांधायची. लाल दोरा मात्र मोर्जिनाच्या डोक्यातला. झाकलेल्या झाडाच्या मडक्याला दोरा, आणि दोरा नसेल तो रस कच्चा प्यायचा नाही, उकळून गूळ करायचा. गावाने तो दोरा मानला. शेजारच्या दोन गावांतही "मोर्जिनाचा दोरा आहे का?" असं विचारलं जाई, आणि हे ऐकून तिला जे सुख व्हायचं ते तिने कधी लपवलं नाही.

ह्या वर्षी हातेमने चाळीस झाडांसाठी चाळीस तट्ट्या नेल्या होत्या. दरवर्षी माघ लागेपर्यंत निम्म्या तरी दुरुस्तीला येत. कामट्या सुटत, रसाने चिकट होत, मुंग्या घर करत. ह्या वर्षी एकही आली नव्हती. आपला हात बसला, असं तिला वाटलं. दुपारच्या आत काम उरकलं तेव्हा ती सुतळी आणि कोयती घेऊन भावाच्या घरी निघाली. दुरुस्तीपेक्षा चार कौतुकाचे शब्द ऐकायचे होते, हे खरं.

हातेमची बायको, कुसुम भाबी, चुलाणावर रसाची पसरट कढई ढवळत होती. अंगणभर गुळाचा वास होता.

"तट्ट्या बघायला आले, भाबी. एखादी सैल झाली असेल तर आवळून जाते."

भाबीचा उलथनं धरलेला हात थांबला. "आज नको गं. ते घरी नाहीत."

"तट्ट्यांना ते कशाला हवेत?"

"झाडांवरच आहेत सगळ्या."

हे काही खरं नव्हतं. तट्ट्या पहाटे मडक्यांबरोबर उतरवतात आणि संध्याकाळी पुन्हा चढवतात, हे भाबीला तिच्याहून जास्त ठाऊक होतं. मोर्जिना मागे वळली. ती शेळ्यांच्या गोठ्यात गेली, शिडीवर चढली आणि तट्ट्या ठेवायच्या माळ्यावर डोकं घातलं.

दाराजवळ आठ तट्ट्या एकमेकींवर पडल्या होत्या. काळ्या पडलेल्या, चिकट, मुंग्या लागलेल्या. रस्त्याकडेच्या आठ झाडांच्या. ती झाडं गाडीतून जाताना कुणालाही दिसतात. त्यांच्या मागे भिंतीला टेकून बाकीच्या होत्या. चार-चारचे गठ्ठे, आठ. प्रत्येक गठ्ठ्याला सुतळीचा दुहेरी फास, आणि त्याचं टोक आत दुमडलेलं. तसं टोक गावात फक्त मोर्जिना दुमडत असे. कार्तिकात तिने बांधलेली एकही गाठ सुटली नव्हती. तिने वरच्या तट्टीला नाक लावलं. कोऱ्या बांबूचा वास आला.

ती शिडीवरच थांबली. खाली उतरायचं तर पाय हलवावे लागतात, हे तिला काही वेळ आठवलं नाही.

"मी सांगत होते त्यांना," खालून भाबी म्हणाली. ती गोठ्याच्या दारात आली होती.

"काय सांगत होतीस?"

"की तू एक दिवस इकडे येशील."

म्हणजे हिलाही माहीत होतं. रोज संध्याकाळी दोघी एकाच तळ्यावर भांडी घासत, आणि हिला माहीत होतं. मोर्जिना एक गठ्ठा ओढून घेऊन खाली उतरली.

हातेम अंघोळ करून, ओली लुंगी खांद्यावर टाकून आला तेव्हा ती अंगणात उभी होती. पायाशी एक न सोडलेला गठ्ठा. त्याने तो पाहिला आणि लुंगी वाळत घालायला दोरीकडे वळला. बराच वेळ तिच्या सुरकुत्या काढत राहिला.

"उरलेली झाडं गुळाची आहेत," पाठमोराच तो म्हणाला. "उकळणाऱ्या रसाला कशाला हवी तट्टी?"

"रस्त्याकडच्या आठांपैकी काल किती झाडं रसाला सोललीस?"

त्याने लुंगीचं टोक पुन्हा ताणलं.

"मियाभाई, किती?"

"दोन."

"दोन झाडांत बारा मडकी भरली?"

हातेम वळला. आता त्याचा चेहरा चिडलेला होता.

"तू खाली बसून विणतेस, मोर्जी. वर मी चढतो. चढायचं, सोलायचं, मडकं टांगायचं, मग अंगावर अंधार येत असताना तुझ्या तट्टीच्या चार गाठी मारायच्या. गुडघे बघ माझे! दोन वर्षं मारल्या. ह्या वर्षी नाही मारल्या. झालं का कुणाला काही? आपल्या बापाने जन्मभर उघडीच मडकी टांगली."

"माझ्याकडून दोरा का बांधून घेतलास मग?"

"दोऱ्याशिवाय कच्चा रस कोण नेतं आता? तूच तर लावलीस सवय."

तिला वाटलं, हा आता मान खाली घालेल. त्याने घातली नाही. तिने जे विचारायचं टाळलं होतं ते विचारलं.

"शेफालीला कुठल्या झाडाचा दिलास?"

हातेमचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तेच तिला सहन झालं नाही.

"पोरगी पोटुशी आहे, म्हटलं चांगला द्यावा. तीन वर्षं कोयता लागला नव्हता त्याला. विसावलेल्या झाडाचा रस किती गोड असतो, तुला माहितीय."

तळ्याकाठचं. मोर्जिनाने खाली वाकून गठ्ठा उचलला.

"गावात बोलू नकोस," तो मागून घाईने म्हणाला. "गुळालाही हात लावणार नाही कुणी. मोर्जी, अक्कासला कुणी हात लावत नव्हतं तेव्हा आंघोळ मी घातली. विसरलीस?"

तीन वर्षांत त्याने हे एकदाही काढलं नव्हतं. ती विसरली नव्हती, म्हणून तर तिने एकदाही झाडाखाली जाऊन बघितलं नव्हतं. गठ्ठा काखोटीला मारून ती फाटकाबाहेर पडली.

पायवाटेवरूनच तिने रुबिना आपाला फोन लावला. आपा ओरडली नाही. एकवीस दिवस लक्ष ठेवायचं, म्हणाली. साधी कणकण आली तरी त्या माणसाचं ताट-पेला वेगळा करायचा, आणि लगेच कळवायचं. उद्या गाडी येईल. "तोवर घरोघरी जाऊन यादी करा, मोर्जिना आपा. कोण कोण प्यायलं, ह्या हिवाळ्यात कितीदा. लोक तुम्हालाच खरं सांगतील."

घराच्या पायरीवर शेफाली उन्हात पाय पसरून बसली होती. शेजारी रिकामं गाडगं, त्याच्या गळ्यात लाल दोरा तसाच.

"मा, मामाला सांग ना, उद्यापण त्याच झाडाचा आण म्हणावं."

मोर्जिनाने तिच्या कपाळावर तळहात ठेवला. थंड होतं. थंडच असणार, आजच तर प्यायली. तरी तिला हात काढवेना.

"काय झालं?"

"आल्यावर सांगते. गाडग्याला हात लावू नकोस."

आत जाऊन तिने वही-पेन्सिल घेतली आणि सगळ्यात आधी नुरजान खालाच्या दारात गेली. खाला नातवाला मांडीवर घेऊन त्याचे केस विंचरत होती. चार वर्षांचं पोर, त्याच्या ओठांच्या कडेला रस वाळला होता.

"ये गं ठाणेदारीण! आज आमची झडती का?"

"खाला, सकाळचा रस कोणी कोणी प्यायला?"

"सगळ्यांनी. ह्याने तर दोन पेले." खालाने पोराचा गाल ओढला. "आधी मी देत नव्हते. अक्कासचं झाल्यापासून धसकाच बसलाय मला. पण तुझा दोरा बघितला आणि दिला."

मोर्जिना उंबऱ्यावर बसली. हातेमचं नाव तिच्या जिभेवर होतं. वही उघडून तिने मांडीवर ठेवली, पेन्सिल हातात धरली.

"तो दोरा," ती म्हणाली, "मी न बघता बांधला होता, खाला."