एका फेरीत तीन दारं

आमच्या गावात बाईला घराबाहेर पडायला दिवस मिळत नाही असं कोणी म्हणत असेल, तर ते खोटं आहे. कोणी मेलं की लगेच मिळतो.

दारावर जाणं म्हणजे मयताच्या घरी जाऊन, गळ्यात पडून, रडून येणं. तापीकाठच्या आम्हा शेतीवाल्या घरांत हे काम कोणी टाळत नाही. कपाशी वेचायची राहिलेली असो, केळीची गाडी भरायची असो, ‘दारवर जानं शे’ म्हटलं की सासूसुद्धा अडवत नाही. पुरुष त्या दिवशी आपला चहा आपण करून पितात. पितात आणि जिवंत राहतात, हे विशेष.

आमच्या गल्लीत या खात्याची कारभारीण गजराबाई. साठी उलटलेली, आवाज दांडगा. शहाद्यापासून नवापूरपर्यंत कुठे कोण गेलं हे तिला घरच्यांच्या आधी कळतं. एका मयतासाठी ती जागची हलत नाही. तीन जमली की भिला ड्रायव्हरची क्रूझर गाडी ठरवते. “एक फेरीम्हा तीन दार,” ती म्हणते, “टाइम वाचस.” वाचलेल्या वेळेचं ती काय करते? ओट्यावर बसून पुढच्या बातमीची वाट बघते.

माझ्या शेजारच्या कौसाबाईची धाकटी बहीण मीना खांडबाऱ्याला दिलेली. मीनाचं हृदय चार आण्यांएवढंच चालतंय, असं सुरतच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. फोनवर दोन वाक्यं बोलली की तिला धाप लागे. “आक्का, एकदाव येई जाय ना वं,” हे पहिलं वाक्य. दुसरं अर्ध्यातच राही.

खांडबारा काही परदेशात नाही. सकाळच्या एसटीनं निघालं तर दुपारचं जेवण बहिणीच्या हातचं. पण कौसाबाईनं विषय काढला की घरात सगळ्यांना घड्याळ दिसे. मुलगा हेमकांत म्हणे, “माय, केळीनी कापनी उरकू दे.” सून स्वप्नाली शाळेत शिकवते. ती म्हणे, “आई, परीक्षा होऊ द्या.” आणि नवरा, पितांबर आबा, खाटेवर पडून मोबाइलवर ‘वेळ अमूल्य आहे, तो वाया घालवू नका’ असा सूर्योदयाचा फोटो अख्ख्या भाऊबंदकीला पाठवत विचारत, “तुले टाइम कोठे शे?”

माणसं वाईट नाहीत. मीना मेली असती तर सगळी धाय मोकलून रडली असती.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग एका सकाळी कौसाबाईनं चुलीपुढून उठत सांगितलं, “मीनानी सासू गई.”

“अरारारा,” आबा उठून बसले. “कव्हय?”

“रातले.”

“मंग आठे काय करी ऱ्हायनी? जाय ना!”

हेमकांत म्हणाला, स्टँडवर मी सोडतो. स्वप्नाली म्हणाली, भांडी राहू द्या, मी बघते. सहा महिने घरात न सापडलेला दिवस चहा निवायच्या आत सापडला.

एकच गोष्ट कौसाबाईच्या ध्यानात आली नव्हती. भिंतीपलीकडे गजराबाई राहते. तिच्याकडे नंदुरबारचं एक आणि विसरवाडीचं एक अशी दोन मयतं अडकून पडली होती, आणि खांडबारा बरोबर त्या दोघांच्या मधल्या रस्त्यावर. ती जवळजवळ खूश झाली. “एकली एसटीम्हा कसाले धक्का खास?” असं म्हणत तिनं भिलाला फोन लावलासुद्धा.

अशा रीतीनं आम्ही नऊ बायका निघालो.

गाडीत कौसाबाई माझ्या शेजारी. पदराचं टोक पिळून पिळून तिनं त्याची दोरी केली होती. मला वाटलं, दुःख आहे. नंदुरबारचं दार उरकून पुन्हा गाडीत बसलो तेव्हा ती माझ्या कानाशी आली.

“म्हातारीले जाईसन बारा वरीस व्हयनात.”

“कोन म्हातारी?”

“मीनानी सासू.”

“मंग आज कोन गयं?”

“कोनीच नही. जिता मानूसले कशी मारू? म्हनून मरेललेच परत मारं. आन् तुम्ही समद्या तव्हय रडाले उंथ्यात वं. तू बी.”

मी आठवून पाहिलं. म्हातारीचा चेहरा आठवेना, तिचं नाव आठवेना. गाडीतल्या बाकीच्या बायकांकडे बघितलं. सगळ्या त्याच दारावर दुसऱ्यांदा चालल्या होत्या आणि एकीलाही पत्ता नव्हता.

“आते काय करू?” कौसाबाईनं विचारलं.

“रड,” मी म्हटलं. दुसरं काय सुचणार!

खांडबाऱ्याच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. गजराबाईनं पदर कपाळाखाली ओढला, आम्ही ओढला, आणि तिनं हेल काढला, “ओ मन्ही माय वंऽऽ, कशी गई वं सोडीसन!” मागून आम्ही आठ जणींनी सूर धरला. कौसाबाईचा सगळ्यांत बारीक.

दारात मीना आली. काडीसारखी झालेली, चौकट धरून उभी. तिनं हा पदरांचा घोळका पाहिला, घोळक्यात आपली बहीण पाहिली आणि तिला वाटलं, माहेरचं कोणीतरी गेलं!

“आक्काऽऽ! मन्हा भाऊ गया का वं!” आणि तीही रडायला लागली.

गजराबाईनं तिला मिठीत घेतलं. “रडू नको माय. भाग्यानी व्हती म्हातारी.”

“कोन म्हातारी?” मीना रडता रडता म्हणाली.

“तुन्ही सासू.”

मीना रडायची थांबली. “ती ते कव्हयनीच मरेल शे!”

“मंग आज कोन मरनं?”

“हाई तुम्ही माले सांगा ना!”

शेजारच्या दारांतून डोकी बाहेर आली होती. कौसाबाईनं डोक्यावरचा पदर मागे सारला. “कोनीच नही मरनं, मीने. मी तुले देखाले उनू.”

मीनाला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ती पायरीवरच बसली आणि दोन्ही हातांत बहिणीची मनगटं धरून हसायला लागली. हसताना धाप लागली, तरी थांबेना.

“जिती बाईना दारवर रडाले लई उनी आम्हले?” गजराबाई कडाडली. “काही लाज?”

“उनात ते बठा ना माय,” मीना म्हणाली. “चहा ठेवस.”

इथे आमची खरी पंचाईत झाली. मयताच्या घरी काय बोलायचं ते ठरलेलं असतं. वय किती, त्रास किती काढला, शेवटी कोण जवळ होतं. आणि चहा घ्यायचा नाही. जिवंत बाईच्या घरी बसायचं, तर बोलायचं काय? आम्ही सतरंजीवर ओळीनं बसलो, हात मांडीवर. शेवटी गजराबाईनं सवयीनं विचारलं, “शेवटलं काय खादं व्हतं?”

“आज? खिचडी,” मीना म्हणाली.

एक जण फसकन हसली. गजराबाई उठली. “चला. विसरवाडी बाकी शे.”

सगळ्या उठल्या. कौसाबाई बसून राहिली. तिच्या मांडीवर मीनाचे सुजलेले पाय होते आणि ती ते तेल लावून चेपत होती.

“ऊठ वं.”

“मी नही येस.”

तेवढ्यात तिचाच फोन वाजला. हातांना तेल लागलेलं, म्हणून तिनं मला स्पीकर लावायला सांगितला. पितांबर आबा होते.

“रडनं आटपनं का? सांजले लवकर ये, सुनले मीटिंग शे. आन् त्यासले सांग, म्हातारी देवमानूस व्हती.”

“तुम्हीच सांगेल शे ते,” कौसाबाई म्हणाली. “बारा वरीस पहिले. मसानम्हा उभं ऱ्हाईसन भाषण कयं व्हतं तुम्ही.”

पलीकडून दबकत, “मंग आज काय शे?”

“आज मीना शे. दहावं व्हवापावत मी आठेच ऱ्हासू.”

“कोनं दहावं?”

“ते आम्ही दोन्ही बहिनी बठीसन ठरावसूत.” तिनं मला डोळ्यानं खुणावलं. मी फोन बंद केला.

आम्ही बाहेर आलो. त्या दोघी आमच्याकडे बघतही नव्हत्या. मीना काहीतरी सांगत होती, वाक्य अर्ध्यात तुटत होतं, आणि कौसाबाई घाई न करता उरलेल्या अर्ध्याची वाट बघत होती.

“एक बाई कमी दिखस,” भिला म्हणाला.

“चाल तू,” गजराबाई म्हणाली.

विसरवाडीची मयत बाई गजराबाईच्या जावेच्या माहेरकडची. आमच्यातल्या एकीनंही तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं. गजराबाईनं नेहमीसारखा हेल काढला, आणि तो मधेच मोडला. मग जे बाहेर आलं त्याला सूर नव्हता. तोंडात पदर कोंबून ती नुसती हुंदके देत होती, “रुपा, रुपा वं,” म्हणत होती. घरची माणसं आपलं दुःख बाजूला ठेवून तिला पाणी देऊ लागली. बाकीच्या आम्हीही त्या दिवशी फार चांगलं रडलो. जिला जो आठवला त्याच्या नावानं.

त्या घरची सून माझ्याजवळ सरकली. “मावशी, आमनी आत्याबाईनं नाव ते कालीबाई व्हतं. हाई रुपा कोन?”

“गजराबाईनी बहीन,” मी सांगितलं. “तळोदाले ऱ्हास. जिती शे.”