काकूंच्या टाकीला शिंपल्याची पूड

काकूंच्या कारखान्यात भाज्या धुवून, चिरून, डब्यांत भरून इस्पितळात जात. सगळं कसं चकचकीत होतं. फक्त भाजी धुवायच्या स्टीलच्या टाकीला आतून बोट लावलं, की बोट घसरायचं. त्या बुळबुळीत थराला तपासनीस बाई ‘बायोफिल्म’ म्हणत. जिवाणूंनी स्वतःभोवती चिकट तंबू ठोकून वसवलेली वसाहत. साबणाला ती भीक घालत नव्हती. ब्लीच वापरलं तर इस्पितळातून डबे परत येत, ‘काकडीला पोहण्याच्या तलावाचा वास येतो’ अशा चिठ्ठीसह. टाकीचे दोन नमुने नापास झाले होते. तिसराही झाला, की परवाना रद्द.

काका रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. अशा माणसाला घरात कुणी काही विचारत नाही, म्हणून तो न विचारता सांगतो.

“अगं, शिंपले भाजायचे. त्यांची पूड पाण्यात कालवली की असलं जहाल पाणी होतं, तंबूच उखडतो.”

“मुंग्यांवरही तुमच्याकडे जालीम उपाय होता. मुंग्या मजेत आहेत.”

तरी काकांनी शेजारच्या खाणावळीमागून दोन बादल्या शिंपले आणले, घासूनपुसून स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये दोन तास भाजले आणि कुटून टाकीला चोळले. घराला चार दिवस समुद्राचा वास येत राहिला. टाकीवरचा थर जागचा हलला नाही.

काकूंची नणंद मातीची भांडी घडवायची. तिला हे कळलं तेव्हा ती आधी पोटभर हसली.

“दादा, तुझ्या ओव्हनमध्ये केक होतो. शिंपल्याला हजार डिग्रीच्या आसपास लागतं. माझ्या भट्टीत घाल. पण माझ्या कपांसोबत नाही हं!” मग काकूंकडे वळून म्हणाली, “वहिनी, तू याला तीस वर्षं सांभाळलंस. तुझ्यापुढे जिवाणू म्हणजे किस झाड की पत्ती!”

भट्टीतून निघालेले शिंपले पांढरेफटक होते आणि चिमटीत चुरत होते. काकांनी कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवले, डोळ्यांना पोहण्याचा चष्मा लावला आणि पूड थोडीथोडी पाण्यात सोडली. पाणी फसफसलं, तापलं, वाफा निघाल्या. काकांच्या हातून काहीतरी खरोखर घडताना बघायची काकूंची ही पहिलीच वेळ. त्या दोन पावलं मागे सरकल्या, पण आदराने.

निवलेल्या पाण्याने टाकी घासली, तेव्हा थर दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन निघाला. काकांनी टाकी पाण्याने धुतली आणि बोट फिरवलं. बोट करकरलं.

“झालं!” म्हणून ते घरी गेले.

पण काकूंचा हात सढळ. मीठ असो की माया, ठरल्यापेक्षा चिमूटभर जास्तच. काकांची पाठ वळताच त्यांनी पुडीच्या पाण्याचा आणखी एक दाट हात टाकीला आतून फिरवला आणि तसाच वाळू दिला. सकाळी तपासनीस बाई आल्या, कापसाचा बोळा टाकीत फिरवून बाटलीत घालून घेऊन गेल्या.

दोन दिवसांनी त्या स्वतःच हजर झाल्या.

“शून्य आलंय,” त्या म्हणाल्या.

“शून्य!” काकूंनी टाळी वाजवली.

“काकू, शून्य माझ्या धुतलेल्या हातावरही येत नाही.” बाईंनी पर्समधून लाल लिटमस कागद काढला, ओला केला, टाकीला टेकवला. कागद निळाशार. “बोळ्यासोबत तुमची पूडच बाटलीत आली. जे काही होतं ते माझ्या प्रयोगशाळेत मेलं. टाकी स्वच्छ आहे की नाही, हे ना तुम्हाला ठाऊक, ना मला.”

काकूंचा चेहरा पडला. “म्हणजे नापास?”

“नापास नाही, बाद. टाकी आता माझ्यासमोर धुवायची, कागद निळा व्हायचा थांबेपर्यंत. मग पुन्हा नमुना. आणि तो शेवटचा.”

काकू धुवायला लागल्या. प्रत्येक तांब्यासरशी अंगावरचं चिलखत उतरवल्यासारखं त्यांना वाटत होतं.

“अहो, एखादा जिवाणू उरला असला तर?” त्यांनी तांब्या भरून देणाऱ्या काकांच्या कानात विचारलं.

“एखादा असेलच. तिसापर्यंत चालतात.”

“तुम्हाला सगळंच चालतं.”

पाचव्या पाण्याला कागद लालच राहिला. बाईंनी बोळा फिरवला आणि गेल्या. पुढचे दोन दिवस काकूंनी काकांना एकदाही टोमणा मारला नाही. काकांना ताप आल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. काकूंनी तो हात पुसून, पदर सारखा करून उचलला.

“आठ,” तपासनीस बाई म्हणाल्या. “पास झालात, काकू! परवाना कायम. तसं पत्र उद्या पाठवते.”

काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काकूंच्या भुवया मात्र आक्रसल्या.

“पत्र पाठवा हो सावकाश. हे आठ कुठल्या कोपऱ्यातले, तेवढं आधी सांगा.”